प्लग बदलले की ठीक, मग पुन्हा मिसिंग: ड्रॅग स्ट्रिपवर टर्बो १३बी बूस्टखाली का फटफटते

१३बी म्हणजे माझ्दाचं रोटरी इंजिन, ज्यात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतात. टर्बो जास्तीची हवा आत दाबतो तो दाब म्हणजे बूस्ट, आणि ठिणगी चुकून मिश्रण न जळणं म्हणजे मिसिंग किंवा मिसफायर. आधी लक्षण नीट लिहितो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

बर्नआउट (टायर जागेवर फिरवून तापवणं) व्यवस्थित होतो. टू-स्टेपवर (लाइनवर आरपीएम धरून ठेवणाऱ्या लिमिटरवर) बूस्ट येतो. लाइनवरून गाडी सुटते, पहिला आणि दुसरा गिअर सुसाट जातात, आणि तिसऱ्यात बूस्ट पूर्ण भरला की एक्झॉस्टमधून फटफट सुरू होते. आवाज वाढतो, ओढ मात्र संपते. ड्रायव्हर पाय उचलतो. पिटमध्ये येऊन प्लग काढले तर ते ओले, इंधनाचा वास मारणारे. नवा सेट घातला की पुढचा रन एकदम स्वच्छ. सगळ्यांना वाटतं, सापडलं एकदाचं. मग त्याच रात्री उशिरा किंवा पुढच्या मीटला पुन्हा तीच फटफट आणि पुन्हा नवे प्लग.

मी सिडनीच्या पश्चिम भागात राहतो. ईस्टर्न क्रीकच्या सिडनी ड्रॅगवेवर मित्राची आरएक्स-७ पळते तेव्हा लॅपटॉप माझ्याकडे असतो. गाडी एफसी, म्हणजे आरएक्स-७ ची दुसरी पिढी, सिरीज ५. १३बी इंजिन, एकच मोठा टर्बो, ई८५ (मुख्यतः इथेनॉल असलेलं) इंधन, स्टँडअलोन ईसीयू (मूळ संगणकाच्या जागी बसवलेला, इंजिन चालवणारा संगणक), चार प्लगना ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या चार स्वतंत्र कॉइल. हे दुखणं आमच्याकडे बराच काळ मुक्कामाला होतं, आणि पिटमध्ये ओळीने उभ्या असलेल्या इतर रोटरी गाड्यांमध्येही ते सतत दिसतं. सत्तरच्या दशकात माझ्दाच्या आर१००, आरएक्स-२, आरएक्स-३ इथे विकल्या गेल्या, त्यामुळे रोटरी जाणणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तरीही पहिला सल्ला ठरलेला असतो: अजून थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग घाल. कधीकधी तो बरोबरही असतो. पण प्लग बदलून बरी होणारी गाडी प्लगमुळेच बिघडलेली असते असं मुळीच नाही, आणि या लेखातलं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे.

नव्या प्लगने बरं का वाटतं

हवा जितकी दाबलेली, तितकी तिच्यातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. २ बार बूस्टला चेंबरमधलं मिश्रण साध्या गाडीच्या जवळजवळ तिप्पट दाटीचं असतं. नव्या प्लगच्या इलेक्ट्रोडच्या कडा धारदार असतात आणि धारेवरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. थोडे रन झाले की कडा बोथट होतात, पोर्सेलिनवर काजळी आणि प्रीमिक्सच्या (इंधनात मिसळलेल्या) तेलाचा थर बसतो, त्या थरातून थोडी वीज गळते, आणि तीच ठिणगी उडवायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो.

कॉइलकडे राखीव जोर भरपूर असेल तर हा फरक कुणाला जाणवतही नाही. राखीव जोर शून्यावर आला असेल तर नवा प्लग काठावरून जेमतेम पार पडतो आणि वापरलेला पडत नाही. म्हणजे नव्या सेटने आपण फक्त मागणी कमी केलेली असते. पुरवठा का कमी पडतोय, हा प्रश्न तसाच राहतो. प्लगचा सेट स्वस्त नसतो, पण खरा खर्च तो नाहीच. मिसिंग मारणाऱ्या रोटरीचा ट्यून लोक अंदाजाने बदलायला लागतात आणि तिथे अॅपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) जातात. तुटलेली सील रोटर आणि हाउसिंग ओरखडत एक्झॉस्टमधून बाहेर पडते आणि वाटेत टर्बोचं टर्बाइनही घेऊन जाते.

रोटरीत ठिणगीचा ताण इतका का, तेही पाहू. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात प्लग दोन फेऱ्यांत एकदा उडतो. १३बीमध्ये ६५४ सीसीचे दोन रोटर आहेत आणि प्रत्येक रोटरचा प्रत्येक प्लग एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटरीतल्या क्रँकशाफ्टच्या) प्रत्येक फेरीला उडतो. ८,००० आरपीएमला एक फेरी ७.५ मिलिसेकंदांची. पिस्टन इंजिनात त्याच आरपीएमला १५ मिलिसेकंद मिळाले असते. त्या ७.५ मध्येच कॉइल भरायची, ठिणगी जळू द्यायची आणि पुन्हा भरायला तयार व्हायचं. एफसी आणि एफडीच्या (तिसऱ्या पिढीच्या) मूळ इग्निशनमध्ये तर दोन्ही लीडिंग प्लग (प्रत्येक रोटरच्या दोन प्लगपैकी खालचा, मुख्य; वरचा तो ट्रेलिंग) एकाच कॉइलवर वेस्टेड स्पार्क पद्धतीने (दोन्ही एकदम) उडतात, म्हणजे त्या कॉइलला ८,००० आरपीएमला फक्त ३.७५ मिलिसेकंद मिळतात. मूळ बूस्टला ते चालतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट बूस्टला मूळ लीडिंग कॉइल ठेवली असेल तर पुढचं वाचण्याआधी ती बदला.

काही उघडण्याआधी

ईसीयू स्वतःच कट मारत नाहीये ना, हे पहिलं बघा. ओव्हरबूस्ट कट, इंधन-दाबाचं संरक्षण, गिअर बदलतानाचा शिफ्ट कट, लाँच लिमिटर: बाहेरून सगळ्यांचा आवाज मिसिंगसारखाच येतो. प्रत्येक चांगल्या ईसीयूच्या लॉगमध्ये कटची टक्केवारी आणि कारण असतं. गिअर लिव्हरचा स्विच अडकून शिफ्ट कट अर्धवट चालू राहिलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

दुसरं, कॉम्प्रेशन. तीन बाजू वेगवेगळ्या दाखवणारा रोटरी टेस्टर असेल तर उत्तम. नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून, इंजिन गरम असताना, इंधन बंद आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टर मारा. सुईचे तीन ठोके सारखे पडले पाहिजेत. दोन जोरात आणि एक मंद पडत असेल तर इग्निशनमध्ये शोधण्यासारखं काही नाही, इंजिन उघडावं लागेल. प्लगच्या पोर्सेलिनला तडा किंवा इलेक्ट्रोडवर धातूचा मार दिसला तरी तेच. त्या इंजिनाला आणखी एक रन देऊ नका.

तिसरं, दोन्ही रोटर मिस मारतात की एकच? प्रत्येक रोटरच्या एक्झॉस्टला वेगळा तापमान सेन्सर असेल तर लगेच कळतं. एकच रोटर असेल तर काम सोपं. पुढची कॉइल मागे आणि मागची पुढे लावा. दोष कॉइलसोबत सरकला तर कॉइल गेली. जागेवरच राहिला तर त्या रोटरचा प्लग, लीड, वायर किंवा इंजेक्टर. दोन्ही एकाच क्षणी मिस मारत असतील तर दोष दोघांच्या सामाईक गोष्टीत आहे: व्होल्टेज, अर्थिंग, ट्रिगर (शाफ्टची जागा ईसीयूला सांगणारा सिग्नल) किंवा इंधनाचा दाब. सतत परत येणारं दुखणं बहुतेक या दुसऱ्या प्रकारचं असतं.

दोष कशाच्या मागे जातो

एका रनचा लॉग पाहून निष्कर्ष काढू नका. मिसिंग जिथे सुरू झालं ते बिंदू निरनिराळ्या रनमधून घ्या आणि त्यांच्यात समान काय आहे ते शोधा. माझ्या मते संपूर्ण निदानातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि हिला एक पैसाही लागत नाही.

गिअर कुठलाही असो, दोष नेहमी ठराविक बूस्टला सुरू होत असेल तर ठिणगीला हवा भेदता येत नाहीये. बूस्ट ०.२ बार कमी करा. गायब झाला तर खात्री पटली.

बूस्ट कितीही असला तरी ठराविक आरपीएमलाच सुरू होत असेल तर कॉइल भरायला वेळ कमी पडतोय, ट्रिगरचा सिग्नल बिघडतोय किंवा अल्टरनेटरचा बेल्ट घसरतोय. या शेवटच्या शक्यतेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

सुटल्यापासून ठराविक सेकंदांनी सुरू होत असेल, मग तेव्हा गिअर कुठलाही असो, तर काहीतरी हळूहळू संपतंय: सर्ज टँकमधलं (मुख्य पंपाआधीच्या छोट्या राखीव टाकीतलं) इंधन, बॅटरीचं व्होल्टेज किंवा गरम होत जाणारा रिले नाहीतर पंप.

आणि लाँचच्या क्षणी किंवा गिअरच्या झटक्याला येत असेल तर टाकीत इंधन मागे सरकून पंप उघडा पडतोय, नाहीतर कुठलातरी कनेक्टर हलतोय.

हिवाळ्याचाही विचार करा. इथे जून ते ऑगस्ट थंडी असते. इनटेकची हवा ३० अंशांवरून १० अंशांवर आली तर त्याच बूस्टला ती साधारण ७ टक्के जास्त दाट असते. इंजिनाला ते आवडतं, वेळ सुधारते, आणि ठिणगीची मागणीही तेवढीच वाढते. फेब्रुवारीत निर्दोष धावलेली गाडी जुलैच्या रात्री फटफटायला लागली तर त्यात गूढ काही नाही. ती फेब्रुवारीतही काठावरच होती.

लॅम्डाचा सापळा

इथे थोडं थांबून लिहितो, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथे जातात. लॅम्डा म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा: १ म्हणजे नेमकं, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त, आणि आकडा वर सरकला की इंधन कमी, म्हणजे लीन.

मिसफायर झाला की न जळलेलं मिश्रण एक्झॉस्टमध्ये जातं. त्यातलं इंधन तर जळालेलं नसतंच, पण त्यातला ऑक्सिजनही जसाच्या तसा असतो. लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर मुख्यतः ऑक्सिजन पाहतो. म्हणून प्रत्यक्षात मिश्रणात इंधन पुरेसं असूनही गेज लीन दाखवतो. ट्यूनर लॉग पाहतो, लॅम्डा ०.७६ वरून एकदम ०.९ च्या वर उडालेला दिसतो, आणि तो त्या भागात इंधन वाढवतो. इंधन वाढलं की प्लग आणखी ओला होतो, मिसिंग वाढतं, गेज आणखी लीन दाखवतो. शिवाय जास्तीचं इथेनॉल हाउसिंगच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं आणि सील कोरड्या घासतात.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. लॅम्डा खरोखर लीन असेल आणि तुम्ही तो मिसफायरचा भास समजून पुढचा रन दिलात, तर डेटोनेशन (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) एका झटक्यात सील तोडू शकतं. म्हणून अंदाज नको. इंधन रेलवर (इंजेक्टरना इंधन देणाऱ्या नळीवर) प्रेशर सेन्सर बसवा आणि तो लॉगमध्ये घ्या. बूस्ट असलेल्या रोटरीत हा सेन्सर मी ऐच्छिक मानतच नाही.

वाचायचं कसं? रेलच्या दाबातून मॅनिफोल्डचा दाब वजा करा. बेस ३ बार असेल तर २ बार बूस्टला रेलवर ५ बार दिसले पाहिजेत, म्हणजे फरक संपूर्ण रनभर ३ वर स्थिर. ही रेषा सपाट असताना लॅम्डा करवतीच्या दात्यांसारखा वरखाली उडत असेल तर तो मिसफायर आहे, इंधनाला हात लावू नका. ही रेषा खाली झुकत जात असेल आणि लॅम्डा तिच्यासोबत शांतपणे, न उडता लीनकडे सरकत असेल तर इंधन खरंच कमी पडतंय. इंजेक्टरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. फरक ३ वरून २.७ बारवर आला तर सुमारे ५ टक्के इंधन कमी, म्हणजे ०.७६ चा लॅम्डा ०.८० होतो. आकडा लहान वाटतो, पण पूर्ण बूस्टखालच्या रोटरीला तो परवडत नाही.

इंधनाचं निघालं तर पाहायच्या जागा फार नाहीत. रेग्युलेटरला जाणारी बूस्टची नळी सैल आहे का, की इतर चार गोष्टींना फाटे देऊन ती वाटून टाकली आहे? तिला मॅनिफोल्डवर स्वतंत्र जागा द्या. फिल्टर चोंदलाय का? ई८५ जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, त्यामुळे इंधन बदलल्यानंतरचा पहिला फिल्टर लवकर भरतो. पंपाला किती व्होल्टेज पोचतंय? दोन पंप एकाच रिलेवर असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र रिले, स्वतंत्र फ्यूज आणि जाड वायर द्या. पेट्रोल पंपावरून ई८५ भरत असाल तर इथेनॉलचं प्रमाण सेन्सरवर पाहा, ते नेहमी ८५ असेलच असं धरून चालू नका. आणि धक्का फक्त ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या मधे एकदाच येत असेल तर ते मिसिंग वेगळं: प्रायमरीवरून सेकंडरी इंजेक्टर सुरू होतानाची ती खाच आहे, ती स्टेजिंगच्या टेबलमध्ये सुधारते.

व्होल्टेज: बहुतेक दुखणी इथे सापडतात

आमच्या गाडीत इंधनाची रेषा सपाट होती, दोन्ही रोटर एकदम मिस मारत होते, आणि दोष बूस्टसोबत जात होता. पण पूर्णपणे नाही. त्याच बूस्टला ६,५०० पर्यंत गाडी टिकायची आणि ७,५०० ला तुटायची. दोन गोष्टींच्या मागे एकाच वेळी जाणारा दोष दिसला की मी सरळ व्होल्टेजकडे वळतो, कारण व्होल्टेज सगळ्यांना एकदम खाली ओढतं.

हिशेब असा. ड्वेल (कॉइल भरण्याचा वेळ) तेवढाच ठेवला तर कॉइलमधला प्रवाह साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात भरतो, आणि साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. १४ व्होल्टऐवजी १२ मिळाले तर व्होल्टेज १४ टक्क्यांनी घटलं, पण ऊर्जा सुमारे २७ टक्क्यांनी. चौथाईहून जास्त ठिणगी कुणाला न कळता गेली. त्याच वेळी पंपाचा वेग उतरतो आणि इंजेक्टर उघडायला उशीर करतात. इंजेक्टरचा डेड टाइम (हाच उशीर) ईसीयूमध्ये व्होल्टेजनुसार बरोबर भरलेला नसेल तर मिश्रणही सरकतं.

आता अडचण ही की ईसीयूच्या लॉगमध्ये दिसणारं व्होल्टेज हे ईसीयूच्या पिनवरचं असतं. कॉइलवरचं नसतं. लॉगमध्ये १३.६ दिसतात म्हणून लोक हा मुद्दा ओलांडून पुढे जातात. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून एक वायर रेझिस्टर डिव्हायडरमधून ईसीयूच्या रिकाम्या अॅनलॉग इनपुटला द्या आणि रनमध्ये ते व्होल्टेज वेगळं लॉग करा. डिव्हायडर असा निवडा की १६ व्होल्टलाही इनपुटवर ५ पेक्षा जास्त जाणार नाहीत. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि यानंतर वादच उरत नाही.

आम्हाला जे दिसलं ते असं: बर्नआउटला ठीक, टू-स्टेपवर ठीक, रन सुरू झाल्यावर आरपीएम चढतील तसं कॉइलचं व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी खाली. परतीच्या रस्त्यावर पुन्हा पूर्ण. पिटमध्ये मल्टिमीटर लावला तर सगळं उत्तम. यात दोन कारणं एकमेकांत मिसळलेली होती.

पहिलं, अल्टरनेटरचा बेल्ट. रोटरी ८,००० च्या वर फिरते म्हणून अल्टरनेटरवर मोठी पुली बसवतात, म्हणजे तो अतिवेगाने फिरून फुटत नाही. ते योग्यच आहे. पण मोठ्या पुलीने आयडलला चार्जिंग कमी होतं, आणि बेल्ट थोडा चकाकलेला किंवा सैल असेल तर नेमक्या वरच्या आरपीएमला, दोन पंप, पंखा आणि चार कॉइलचा भार असताना तो घसरतो. पुलीवर आणि बेल्टवर खडूची रेघ मारून काही सिद्ध होत नाही, कारण घसरणं फक्त रनमध्येच होतं. बेल्टच्या आतल्या बाजूची काचेसारखी चकाकी आणि पुलीवरची काळी भुकटी पाहा.

दुसरं, आयसोलेटर. बॅटरी डिकीत हलवली की नियमाप्रमाणे गाडीच्या मागे बाहेरून बंद करता येणारा मुख्य स्विच लागतो. सगळ्या गाडीची वीज त्यातून जाते. काही वर्षं भाराखाली चालू-बंद केल्यावर आतले संपर्क जळून खड्डे पडतात. भार नसताना तो मल्टिमीटरला शून्य ओहम दाखवतो, आणि भार आला की एक व्होल्टसुद्धा खातो. रननंतर लगेच त्याच्या बोल्टजवळ हात नेऊन पाहा. तो गरम असेल तर उत्तर मिळालं.

मोजायची रीत: इंजिन चालू, दोन्ही पंप, पंखा, दिवे सगळं चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं कॉइलच्या अर्थच्या बोल्टवर. ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. मग एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं कॉइलच्या पॉझिटिव्हवर. इथे ०.५ च्या वर जाऊ देऊ नका. जास्त आलं तर मधला एकेक सांधा, म्हणजे आयसोलेटरची दोन टोकं, फ्यूज, रिले, कनेक्टर, असं मोजत जा आणि व्होल्टेज कुठे गळतंय ते पकडा. वायर बदलायच्या आधी मोजा. नवी जाड केबल टाकूनही जुना आयसोलेटर मधे तसाच राहिला तर काहीच हाती लागत नाही.

कॉइलचा अर्थ बॉडीवर कुठेतरी दूर देऊ नका. तो सरळ इंजिनाच्या ब्लॉकला, रंग खरवडून, छोट्या जाड वायरने द्या, आणि ब्लॉकवरून बॅटरीपर्यंत वेगळी जाड केबल न्या. सेन्सरचे अर्थ या बोल्टवर कधीही आणू नका.

आयसोलेटर बदलताना एक जपा. अल्टरनेटरची आउटपुट केबल स्विचच्या बॅटरीकडच्या बाजूला जोडली पाहिजे. गाडीकडच्या बाजूला जोडली तर स्विच बंद केल्यावरही अल्टरनेटर इंजिनाला पोसत राहतो आणि इंजिन चालूच राहतं. तपासणीत अधिकारी चालू इंजिनावर तो स्विच दाबून बघतात, आणि त्यांनी तो बघायलाच हवा. अपघातात पंप चालू राहिले तर काय होईल हे सांगायला नको.

हे सगळं झाल्यावर मग ड्वेल. बऱ्याच ट्यूनमध्ये ड्वेलचं टेबल सगळ्या व्होल्टेजला एकच आकडा भरलेलं असतं. कॉइल बनवणाऱ्याचा तक्ता घ्या आणि व्होल्टेजनुसार भरा. चाचणी म्हणून, तक्त्याच्या मर्यादेत राहून, ड्वेल ०.३ मिलिसेकंद वाढवून एक रन घ्या. मिसिंग सुरू होण्याचा बिंदू वरच्या बूस्टकडे सरकला तर ऊर्जा कमी पडत होती हे सिद्ध झालं. मर्यादा ओलांडू नका. रोटरीत कॉइलला विश्रांती निम्मीच मिळते हे वर आलंच आहे, आणि तापलेली कॉइल आणखी कमकुवत ठिणगी देते.

ट्रिगर, आणि लीडिंग-ट्रेलिंगची गल्लत

हे थोडक्यात. लॉगमध्ये आरपीएमच्या रेषेला अचानक सुळका किंवा खड्डा दिसत असेल आणि ट्रिगर एररचा आकडा वाढत असेल तर बाकी सगळं सोडून तिथे जा. जोरदार कॉइल बसवल्यावर त्यांचा आवाज सेन्सरच्या वायरमध्ये शिरतो. सेन्सरची वायर शील्डेड हवी, शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडलेली हवी, आणि ती प्लग लीडपासून लांब हवी.

टायमिंग लाइटही लावा. एफसीच्या पुलीवर पिवळी खूण टीडीसीनंतर (चेंबर सर्वांत लहान असतो त्या बिंदूनंतर) ५ अंशांची, लाल २० ची. ईसीयूमध्ये टायमिंग टीडीसीनंतर ५ ला लॉक करून पुढच्या रोटरच्या लीडिंगवर लाइट धरा. पिवळी खूण आयडलला आणि ५-६ हजारांनाही तिथेच राहिली पाहिजे. आरपीएमसोबत सरकत असेल तर सेन्सरची पोलॅरिटी किंवा ट्रिगरची कड चुकीची आहे आणि तुमच्या टेबलमधला एकही टायमिंगचा आकडा खरा नाही. बूस्टला अॅपेक्स सील वाचवणारी ही तपासणी दर हंगामाच्या सुरुवातीला करा.

लीडिंग प्लग खाली, ट्रेलिंग वर. लीड अदलाबदल होणं अगदी सोपं आहे. ट्रेलिंगचं भोक चेंबरच्या बाजूला मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, कारण सील तिथून जाताना पलीकडच्या बाजूला दाब गळू नये. जळण्याचं मुख्य काम लीडिंग करतो. म्हणूनच कमी बूस्टला लीडिंग अधूनमधून चुकला तरी ट्रेलिंग सांभाळून घेतो, आवाजात काही येत नाही, फक्त गाडी मऊ वाटते. आयडलला ईसीयूमधून ट्रेलिंग बंद करा आणि फक्त लीडिंगवर इंजिन स्थिर राहतं का पाहा. ही चाचणी जागेवर उभ्या गाडीवरच करायची, बूस्टखाली कधीही नाही.

लाइनवर टू-स्टेपवर फार वेळ बसू नका, हेही सांगून ठेवतो. तिथे टायमिंग मागे आणि इंधन भरपूर असतं, प्लग रन सुरू व्हायच्या आधीच भिजतात. प्रतिस्पर्धी स्टेज व्हायला (सुरुवातीच्या रेषेवर यायला) उशीर करत असेल तर थांबा, तो आत आला की मगच बटण दाबा. प्रीमिक्सचं प्रमाणही दर वेळी मोजून घाला. डोळ्यांच्या अंदाजाने जास्त तेल ओतलं की प्लग लवकर काळे होतात आणि निदान भरकटतं.

महाराष्ट्रात रोटरी क्वचितच दिसते, पण लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर टर्बो गाड्या ड्रॅगला पळाल्या आहेत, आणि बूस्ट वाढवलेल्या कुठल्याही पेट्रोल गाडीला व्होल्टेजचा आणि लॅम्डाचा भाग जसाच्या तसा लागू आहे. पिस्टन गाडीत कॉइलला वेळ दुप्पट मिळतो, एवढाच फरक.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

नवा बेल्ट, नवा आयसोलेटर, अर्थ ब्लॉकवर, ड्वेल टेबल व्होल्टेजनुसार. एवढं झाल्यावर नव्या प्लगचा डबा उघडायचा मोह होतो. उघडू नका. नव्या प्लगवर गाडी दुरुस्तीआधीही नीट धावतच होती, त्यामुळे त्या रनने काहीच कळत नाही. शेवटच्या वेळी ज्यांच्यावर मिसिंग आलं तेच जुने प्लग, तडा नाही हे पाहून आणि वाळवून, पुन्हा घाला. बूस्ट तेवढाच, इंधन तेच, आणि जमलं तर थंड रात्र. इंधनाच्या दाबाची रेषा आणि कॉइलचं व्होल्टेज दोन्ही लॉगमध्ये ठेवा, ड्रायव्हरला सांगून ठेवा की फटफट ऐकू आली की लगेच पाय काढायचा. जुन्या प्लगवर गाडी शेवटपर्यंत स्वच्छ ओढत गेली आणि कॉइलचं व्होल्टेज शेवटच्या लाइनपर्यंत १३.५ च्या आसपास टिकलं, तर दुखणं गेलं. मग सावकाश नवा सेट घाला आणि बूस्टचा विचार करा.

मिसिंग पुन्हा आलंच आणि या वेळी व्होल्टेज टिकलेलं असेल, तर ट्रिगरच्या भागापासून पुन्हा सुरुवात करा, एका रनला एकच बदल.